हिराबाईचा दिनविशेष

किस्से काही मुद्दाम जमवावे लागत नाहीत. रोज त्याच चार माणसांबरोबर त्याच बाकावर बसा, वर्षभरात पोतंभर होतात. आमच्या उंब्रजच्या वाचनालयात तर मी स्वतःच रोज सकाळी नवा विषय पुरवत होतो. शाळेतून रिटायर झालेला इतिहासाचा मास्तर, दुसरं करणार काय? व्हरांड्यात रस्त्याकडे तोंड करून एक काळा फळा आहे. त्यावर रोज खडूनं ‘आजचा दिनविशेष’ लिहायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. वर एक नियमही करून ठेवला. पुराव्याशिवाय फळ्यावर अक्षर चढणार नाही!

त्या नियमाचा मला भारी अभिमान होता. आज तो आठवला की स्वतःचीच लाज वाटते.

*

फळ्यासमोरची कायमची मंडळी तीन. एक एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. दुसरे सुभेदार, फौजेतून येऊनही आवाज तिकडचाच. तिसरे तात्या. हे मूळचे कवठे महांकाळकडचे धनगर. अर्धा जन्म मेंढरांमागे गेला, आता पोराचं गॅरेज उंब्रजला म्हणून इथं. तात्यांना वाचता येत नाही. कंडक्टर त्यांना फळा मोठ्यानं वाचून दाखवतात, एकेक स्टॉप पुकारल्यासारखा.

एका दोन सप्टेंबरला मी लिहिलं, ‘१७५२ साली इंग्लंडात कॅलेंडर दुरुस्त केलं. त्यामुळे आजच्या रात्री झोपलेली माणसं दुसऱ्या दिवशी उठली ती थेट चौदा सप्टेंबरला!’

कंडक्टर दोनदा वाचून गंभीर झाले.

“गुरुजी, मधल्या अकरा दिवसांत ज्यांची रजा मंजूर हुती, त्यांचं काय केलं?”

“ते नाही बुवा कुठं लिहिलेलं.”

“मग कसला इतिहास? मेन पॉइंटच न्हाई!”

सगळे हसले. तात्या मात्र पुढं सरकले आणि म्हणाले, “आवं गुरुजी, सायबांचे अकरा दीस हरवले ते लिवलंसा. आमच्या हिराचा एक दीस हाय, त्यो बी लिवा की.”

*

हिराबाई म्हणजे तात्यांची बायको. तिचा दिवस असा.

तात्यांचा कळप कोकणातून पाटणमार्गे परत येत होता. उंब्रजला हायवे ओलांडताना अर्धी मेंढरं पलीकडे गेली, अर्धी अलीकडे, आणि तेवढ्यात सायरन वाजवत मंत्र्यांच्या गाड्या आल्या. पोलीस काठी आपटत ओरडायला लागला, “ए बाई, हटव! मंत्रीसाहेबांना उशीर होतोय!”

हिराबाई रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. डोक्यावर कोंबड्यांची पाटी, कडेवर पोर.

“मंत्र्याला पाच वर्सं हाईत,” ती म्हणाली. “माझ्या मेंढरास्नी पावसाच्या आत गाव गाठायचंय!”

मंत्री गाडीची काच खाली करून खो खो हसले म्हणे. शेवटचं कोकरू जाईपर्यंत ताफा जाग्यावर उभा!

मला गोष्ट लय आवडली. पण नियम म्हणजे नियम.

“तारीख सांगा तात्या.”

“तारीख कुठली? एक वळीव झाला हुता.”

“साल?”

“थोरला नुकता चालाय लागला हुता.”

“पेपरात काही आलं होतं?”

“मंत्र्याला मेंढरांनी आडवलं, हे कोन छापील गुरुजी?”

मी म्हणालो, “पुरावा आणा, त्या तारखेला लगेच लिहितो.” तात्या हळूच म्हणाले, “ती हातरुनाला खिळलीया. साक्षरतेच्या वर्गात आपलं नाव तेवढं वाचाय शिकली हुती. फळ्यावर एकदा बगायचं म्हनती.”

मी मान हलवली आणि पेपर उघडला.

*

दोन नोव्हेंबरला मी ऑस्ट्रेलियाच्या इमू युद्धाबद्दल लिहिलं. पिकं खाणाऱ्या पक्ष्यांवर तिथल्या सरकारनं फौज पाठवली, मशिनगन लावल्या, आणि इमू जिंकले!

सुभेदारांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, फौजेची बेइज्जती झाली म्हणून आता फळाच उखडणार. कंडक्टरांनी आगीत तेल ओतलं. “सुभेदार, पाखरांनी पलटण हरवली वो!”

सुभेदार खाली बसले. त्यांनी पेन्शनीवर आल्यावर जाहिराती बघून मलकापूरजवळ इमूपालन काढलं होतं. अंडी कुणी घेईना, पक्षी कुणी घेईना, आणि एक दिवस सगळा कळप कुंपण मोडून उसात पसार झाला.

“ती लढाई मी बी लढलोय गुरुजी,” ते म्हणाले. “मी बी हरलोय!”

त्या गडबडीत तात्यांनी मला विचारलं, “तारखेचं काय जमंल का?” मी म्हणालो, “बघू.” बघणं माझ्या हातात होतं, पण मी काही बघितलं नाही.

*

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी फळ्यावर होता बॉस्टनचा मळीचा पूर. साखर कारखान्यातून निघते तसल्या मळीची प्रचंड टाकी फुटली आणि भर दुपारी रस्त्यातून घरापेक्षा उंच लाट धावली. आमचा सगळा उसाचा पट्टा, त्यामुळे मंडळींना विषय घरचाच वाटला.

“काकवीत पोहायची सोय!” कंडक्टर म्हणाले.

“नुसत्या भाकरी घेऊन पळायचं!” सुभेदार म्हणाले.

मीही जोडीला दोन विनोद केले. वाचनालय हसून हसून दमलं. तेवढ्यात तात्यांनी विचारलं, “मानसं किती गेली?”

“एकवीस.”

“मग हसताय कशाला?”

सुभेदारांनी हातातला तिळगूळ कागदात परत गुंडाळला. मी फळ्याकडे बघितलं, तर माझ्या ओळीत एकवीस हा आकडाच नव्हता. तो मला पाठ होता, तरी लिहायचा राहिला होता.

*

एकदा सकाळी वाचनालयासमोर रिक्षा थांबली. तात्यांचा थोरला आईला कराडच्या दवाखान्यात घेऊन निघाला होता. हिराबाईनं पडदा बाजूला करून फळ्याकडे बघितलं. हाडं उरलेली बाई, पण कुंकू ठसठशीत. त्या दिवशी फळ्यावर कुठल्याशा राणीच्या राज्यारोहणाबद्दल लिहिलेलं होतं.

ती बराच वेळ बोट हवेत फिरवत अक्षरं शोधत राहिली. मग मला म्हणाली, “ह्यात माझं न्हाई व्हय?”

“तारीख मिळाली की लिहितो,” मी म्हणालो.

“लिवा, लिवा. गडबड न्हाई,” ती म्हणाली. मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली, हे आत्ता कळतं.

*

एक जूनला तर कहरच झाला. माझे पंचवीस-तीस जुने विद्यार्थी, आता पन्नाशी-साठीचे बाप्ये, एकच केक घेऊन वाचनालयात हजर. सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी! पूर्वी पोराला शाळेत घालायला आणलं की आईबापाला जन्मतारीख माहीत नसायची. मग मास्तर दात बघायचा, उंची बघायचा आणि ठोकून द्यायचा, एक जून!

“गुरुजी, आमास्नी आईनं जन्म दिला, पन तारीख तुमीच दिली!” त्यातला एक म्हणाला आणि सुरी माझ्या हातात दिली. टाळ्या झाल्या, फोटो झाले. मी फुशारकीनं म्हणालो, “अर्धा गाव माझ्या पेनातून जन्माला आलाय!”

तात्या केकचा तुकडा हातात धरून उभे होते. त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, “मग तवा ह्यांच्याकडं पुरावा मागितला हुतासा?”

त्याच मिनिटाला खडू उचलायला हवा होता. पण चारचौघांत तोंडघशी पडलो होतो ना, हट्ट उलट वाढला. मी केक खात राहिलो.

*

श्रावणात हिराबाई गेली. तात्यांनी पहिल्यांदा विचारलं त्याला वर्ष होत आलं होतं.

दिवाळीत माझ्या भाच्याच्या मुलाचा फोन आला. आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाचा बॅनर करायचा होता आणि लग्नाची नक्की तारीख कुणालाच आठवत नव्हती. “आजोबा, तुमच्या जुन्या डायऱ्यांत बघा की.” मी ट्रंक काढली. मे महिन्याचं पान सापडलं.

‘आज लग्नाला उशीर. उंब्रजला मेंढरांनी रस्ता अडवला, पुढे कुणी मंत्री खोळंबला होता म्हणे. एसटी पाऊण तास उभी. अक्षता चुकल्या, जेवण मात्र मिळालं.’

तारीख, वार, साल, सगळं माझ्याच अक्षरात. त्या रांगेत मागच्या एका गाडीत मी स्वतः घाम पुसत बसलो होतो आणि पुढच्या मेंढरांना मनातल्या मनात शिव्या देत होतो.

डायरी घेऊन मी तात्यांच्या घरी गेलो. “तारीख सापडली तात्या.”

“कुनाकडं?”

“माझ्याकडंच.”

त्यांनी डायरीच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला. “बरं झालं,” म्हणाले आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं.

मग मे उजाडेपर्यंत मी थांबलो. त्या दिवशी पहाटेच जाऊन सुबक अक्षरात लिहिलं, ‘आजच्या दिवशी उंब्रज येथे हिराबाईंनी मेंढरांसाठी मंत्र्यांचा ताफा थांबवला.’ कंडक्टरांनी मोठ्यानं वाचलं. सुभेदार उठून उभे राहिले. तात्यांनी ‘हिराबाई’ कुठं लिहिलंय ते विचारून घेतलं, त्या अक्षरांखाली बाक ओढला आणि दिवसभर तिथंच बसले. जेवायलाही गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डस्टर घेऊन फळ्यापुढं उभा राहिलो.

“पुसा की,” मागून तात्या म्हणाले. “रोजच पुसताय.”

मी पुसलं. खडूची धूळ खाली बसेपर्यंत तात्या कोऱ्या फळ्याकडे बघत होते.

“गुरुजी,” ते म्हणाले, “चुकीच्या दिवशी लिवलं आसतं, तरी दुसऱ्या दिवशी पुसलंच आसतं की.”