तिसरीचा खोकला

दहिसरच्या आमच्या पालिका शाळेत दिवाळीच्या सुट्टीनंतर जेनिस रॉड्रिग्स तिसरीवर आली. वाकोल्याच्या गावठाणातली, तिशीतली, हसतमुख. मी शेजारी चौथीला शिकवते. तिसरीच्या नलिनीबाई सुट्टीतच वारल्या होत्या. त्यांचा वर्ग कायम पहिला. पोरांना धडे तोंडपाठ.

पहिल्या दिवशी जेनिसने धडा वाचायला सांगितला. पस्तीस मुलं एका सुरात सुरू झाली. ‘खार झाडावर चढली’ म्हणाली आणि सगळी एकदम खोकली. दोनदा, कोरडं. मग पुढचं वाक्य.

भिंतीपलीकडे माझा खडू थांबला. नलिनीबाईंचा तो खोकला मी नऊ वर्षं ऐकत होते.

जेनिसला वाटलं, मस्करी करतायत. पण कुणी हसत नव्हतं. तिने पुस्तकं मिटायला लावली, तरी वाचन चालूच. धडा संपला आणि पस्तीस तोंडांतून आलं, “समजलं ना? बसा खाली.” मुलं बसली.

तिने पुढच्या बाकावरच्या श्रुतिकाला विचारलं, “खार झाडावर कशाला चढली गं?”

“टीचर, ते धड्यात नाही.”

मुख्याध्यापक अनंत सर म्हणाले, “निकाल झकास आहे मॅडम. हात लावू नका.”

महिनाभर तिने तसंच चालू दिलं. मग एका रविवारी चर्चमध्ये वाचताना ओळीच्या मध्येच तिला खोकला आला. दोनदा, कोरडा. सर्दी नव्हती, काही नव्हतं. सोमवारी मला म्हणाली, “सुलक्षणा, मी पण त्यांच्यातलीच होत चाललेय यार. आता बस्स.”

एका सुरातलं वाचन बंद झालं. “आज प्रश्न तुम्ही विचारायचे,” म्हणून ती वाट बघत उभी राहायची. आठ दिवस कुणी तोंड उघडलं नाही. पलीकडच्या त्या शांततेने माझी चौथीसुद्धा हळू बोलायला लागली. “माझ्याकडे बघतच नाहीत गं,” जेनिस सांगायची. “माझ्या जरा मागे बघतात.”

नवव्या दिवशी श्रुतिका उठली. “टीचर, बाई का खोकायच्या?”

जेनिस खुर्ची ओढून बसली. नलिनीबाईंचं मी तिला सांगितलं होतं. “आजारी होत्या. तरी यायच्या.”

“आम्हाला का नाही सांगितलं?”

“तुम्ही विचारलंत कधी?”

“विचारायचं असतं?”

मागच्या बाकावर प्रियंका हुंदके द्यायला लागली. मग एकेक जण बोलू लागला. मेलेलं माणूस कुठे जातं, खडू कशाचा करतात, नदी काळी का झाली. मधल्या सुट्टीची घंटा झाली, तरी कुणी उठलं नाही.

त्या वर्षी निकालात तिसरी मागे पडली. अनंत सरांनी जेनिसकडून लेखी खुलासा मागितला, तो तिने दिला आणि शिकवणं तसंच चालू ठेवलं.

जूनमध्ये ती मुलं माझ्या वर्गात आली. पुस्तक उघडून मी सवयीने म्हटलं, “म्हणा माझ्या मागे.”

कुणीच म्हटलं नाही. आधी एक हात वर आला. मग चार. मग मोजता येईनात. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, “विचारा.”