एकाच हाताचं काम

समुद्राच्या तळाचा चिखल धुण्यात जिची हयात गेली, तिने समुद्र मात्र एकदाही पाहिला नव्हता. प्रयोगशाळेत सगळे तिला चाळणीताई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तीही मुकाट ओ देई.

समुद्रतळातून काढलेल्या चिखलाच्या लांबच लांब नळ्या थंड खोलीत ठेवलेल्या असत. त्यातला बोटभर तुकडा कापायचा, बारीक चाळणीत धुवायचा, वाळवायचा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने खसखशीएवढे शिंपले एकेक करून उचलायचे. पाण्याच्या वरच्या थरात राहणाऱ्या जिवांचे शिंपले एकीकडे, खालच्या थरातल्यांचे दुसरीकडे. त्यावरून तिचे सर त्या काळी पाणी किती गार होतं, किती उबदार, ते काढत. पाहुणे आले की सर कौतुकाने म्हणत, "आमच्या ताईंची नजर बघा." पाहुणे मात्र यंत्रं बघून निघून जात. मान ताईची दुखायची.

सरांचा एक नियम होता. एक नळी सुरू केली की शेवटपर्यंत ती एकाच माणसाने निवडायची. "मध्येच हात बदलला, तर फरक समुद्रातला की नजरेतला, हे कसं कळणार?" नियम खरा होता, म्हणूनच त्याच्याशी भांडता येत नव्हतं. दोनदा जहाज नव्या नळ्या काढायला गेलं, आणि दोन्ही वेळा ताईची नळी अर्ध्यावर होती, म्हणून ती मागेच राहिली.

या खेपेची नळी मात्र सरांची लाडकी. हजारो वर्षांपूर्वी बर्फाचे डोंगर समुद्रात कोसळून वितळले, तो काळ तिच्यात होता. बर्फाचं गोडं पाणी हलकं, ते खाऱ्या पाण्यावर झाकणासारखं पसरलं. एरवी वरचं खारं पाणी गार होऊन तळाशी जाई आणि त्याची जागा घ्यायला लांबून उबदार पाणी वाहत येई. ते बुडणंच अडलं, प्रवाह मंदावला. वर शेकडो वर्षं गारठा, आणि खाली ऊब कोंडलेली. वरचे शिंपले एक सांगत, खालचे बरोबर उलटं.

सर रंगात येऊन हे सांगत होते आणि ताईच्या मनात आलं, अगंबाई, हे तर आमचंच घर, वरून गारठा आणि आत सगळं कोंडलेलं.

घर म्हणजे दोन खोल्या आणि अंथरुणाला खिळलेली आई. दिवसा सांभाळायला एक बाई येत. पण आईला भरवायचं ते लेकीनेच. दुसऱ्या कुणाचा चमचा समोर आला की ती ओठ घट्ट मिटून घेई. म्हणून ताई रोज दुपारी धापा टाकत घरी यायची. तिथेही हात बदलून चालत नव्हता. ताईचा जीव अगदी मेटाकुटीला आला होता, पण सांगते कुणाला?

पुन्हा जहाज निघायचं ठरलं. दोन महिन्यांचा प्रवास. नळी संपत आली होती. सर म्हणाले, "या वेळी तुम्ही चला."

रात्री तिने आईपाशी विषय काढला.

"जा की," आई भिंतीकडे बघत म्हणाली. "माझं काय, आज आहे, उद्या नाही."

दुसऱ्या दिवशी ताईने सरांना नाही म्हणून सांगितलं. सर म्हणाले, "संध्याकाळपर्यंत विचार करा." विचार कसला करायचा? शेवटचा शिंपला उचलून झाला, हाताला काही काम उरलं नाही, म्हणून ती दुपारच्या वेळेआधीच घरी निघाली.

दार लोटलेलं होतं. आतून आईचा आवाज आला.

"मीठ कमी आहे गं. रोज रोज सांगायचं का तुला?"

वाटीवर चमचा वाजला. ताई पायातल्या चपलांसकट तशीच उभी राहिली. मग संतापाने तिचे कान तापले. रोज दुपारी ती जे भरवत होती ते आईचं दुसरं जेवण होतं.

ती आत गेली. बाईंचा चेहरा पडला. आईने ओठ मिटले.

"का गं आई?" ताईने विचारलं.

आईने मान भिंतीकडे वळवली. मग हळूच म्हणाली, "तुझे बाबासुद्धा दोन महिन्यांसाठीच गेले होते."

बाबा परत आले नव्हते, आणि या घरात तो विषय कुणी काढत नसे. ताईचा राग जागच्या जागी बसला. जायची इच्छा मात्र बसली नाही. ती उशाशी टेकली आणि बाईंना म्हणाली, "भरवा तुम्ही. मी इथेच आहे."

बाईंनी चमचा पुढे केला. आईचे ओठ मिटलेलेच. सूप निवत चाललं. ताईने वाटीला हात लावला नाही. शेवटी आईने लेकीच्या डोळ्यांत बघत तोंड उघडलं.

ताईने डोळे पुसले आणि तिथेच बसून सरांना फोन लावला. "सर, माझं नाव घाला."

आईने घास गिळला.

"जहाजावर गार लागेल," ती म्हणाली. "तो जाडा स्वेटर घे."