विकला गेलेला सूर

माझी आत्या किल्ल्या बनवते आणि देवाशी स्वतः रचलेल्या भाषेत बोलते. यातलं पहिलं लोकांना पटतं. दुसरं सांगायला गेलं की ते माझ्याकडेच काळजीने बघतात. बघोत बापडे!

त्या भाषेत ‘दे’ असा शब्दच नाही. ‘‘मागायचंच नसलं की प्रार्थना कशी हलकी होते बघ,’’ आत्या म्हणते. सूरही तिचेच. दुकानातल्या कोऱ्या किल्ल्या कानाशी वाजवून तिने नऊ निवडल्या, कानशीने घासून जुळवल्या आणि तारेवर टांगल्या. कुठल्याच वाद्यात न सापडणारे ते सूर एकामागून एक वाजले, की मला गुदगुल्या झाल्यासारखं हसू येतं.

आतोबा मात्र या सगळ्याला ‘‘तुझी ती बडबड’’ म्हणायचे. आत्या हसण्यावारी न्यायची, पण मला एकदा म्हणाली, ‘‘अगं, गाणी ढिगाने केली, पण भाषा कळणारी मी एकटीच. अर्थ सांगावा लागणार नाही असं एक माणूस तरी हवं गं मला.’’

शेवटी तिने मला, आईला, आतोबांना आणि शेजारच्या न्हाव्याला गाणं शिकवलं. अर्थ न विचारता आम्ही पोपटासारखे शब्द पाठ केले. रविवारी संध्याकाळी दुकानाचं शटर ओढून गायला उभे राहिलो, तर तारेवर आठच किल्ल्या! नुवा नावाचा सूर गायब, आणि ‘इमारू’ हा गाण्यातला मुख्य शब्द नेमका त्याच सुरावर.

आतोबांचा चेहरा पडला. ‘‘सकाळी समोरच्या चष्मेवाल्या बाई किल्ली करून घ्यायला आल्या होत्या. तसल्या कोऱ्या संपल्या होत्या, म्हणून...’’

‘‘म्हणून तुम्ही माझा नुवा कापलात?’’

आमची वरात चष्मेवाल्या बाईंच्या दारात. न्हाव्याच्या गळ्यात अजून कामाचं फडकं. बाई म्हणाल्या, ‘‘नवीन किल्ली हातची सोडायची नाही मी. वाटलं तर तिच्याबरोबर येते.’’ आल्याही.

किल्ली तारेवर टांगून वाजवली, तर सूर चांगलाच चढलेला. कापून हलकी झाली होती ना! आत्याने डोळे मिटून पुन्हा एकदा वाजवली आणि किंचाळलीच, ‘‘अहो, हाच तर हवा होता! आधीचा नुवा झोपाळू होता मेला!’’

मग काय विचारता! न्हावी भलत्याच सुरात शिरला, आई हसून हसून खाली बसली, ‘इमारू’ आलं की बाई स्वतः किल्ली ठोकत होत्या. दम खायला थांबलो तेव्हा बाईंनी विचारलं, ‘‘इमारू म्हणजे काय हो?’’

आत्या तोंड उघडते तोच आतोबा बोलून गेले, ‘‘तू आहेस ना, मग मला कसली घाई नाही.’’

आत्या बघतच राहिली. ‘‘तुम्हाला कुणी सांगितलं?’’

‘‘सांगायला कशाला हवं? दिवसभर कानाशी तेच असतं. कळत जातं हळूहळू. आणि बाई, शेवटचा ‘रू’ जरा लांबवा.’’

आत्याने त्यांना तिच्या भाषेत भरभर काहीतरी विचारलं. आतोबा अडखळले, त्यांनी डोकं खाजवलं आणि त्याच भाषेत उत्तर दिलं. काय दिलं ते आम्हाला कुणालाच कळलं नाही, पण आत्या हसता हसता रडायला लागली.