टिपणीसकाकांच्या दोन ऑस्ट्रेलियन गाड्या

दोन्ही गाड्यांच्या बॉनेटवरून हात फिरवल्याशिवाय टिपणीसकाका कामाला जात नसत. कॉव्हेंट्रीत ते आमचे शेजारी. मी लग्न होऊन नुकतीच पुण्याहून आले होते. मला वाटलं, रोजचा नमस्कार असावा. "छे गं, दव बघतोय. पत्रा गंजतो," ते म्हणाले.

दोन्ही गाड्या ऑस्ट्रेलियन. कार फॅक्टरीतले दोन ऑस्ट्रेलियन सहकारी मायदेशी परतताना काकांना विकून गेलेले. एक पन्नाशीच्या दशकातली एफजे: गोल, उंच, चार दारांची, पुढे सोफ्यासारखी सलग सीट, तीनच गिअर. दुसरी तिच्याहून पंधरा-एक वर्षांनी धाकटी मोनारो: दोन दारं, आठ सिलिंडर, जमिनीलगत बसलेली. काका म्हणत, "एफजे म्हणजे नवा संसार, आणि मोनारो म्हणजे संसार मार्गी लागल्यावरची मस्ती." जीव मात्र मोनारोवर. रविवारी कुमुदकाकूंना शेजारी बसवून ते ती मोटरवेवर काढत. काकू ओरडत, "अहो, हळू!" आणि हसत.

फॅक्टरी बंद झाली. काका हॉस्पिटलात पोर्टर झाले. दिवसभर ट्रॉल्या ढकलून घरी आले की बूट काढायचंही त्राण नसे. "चालायचंच," एवढंच म्हणत.

त्यातच काकूंना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली. आठवड्यातून दोनदा फिजिओला न्यायचं. पहिल्या दिवशी काकांनी मोनारो काढली. त्या खोल सीटवर काकूंना बसवायला आम्हा दोघांना वीस मिनिटं लागली. उतरवताना तर काकू रडल्याच. दुसऱ्या खेपेला एफजे काढली. उंच सीटवर काकू आधी टेकल्या आणि मग अलगद आत सरकल्या.

त्याच आठवड्यात काकांनी मोनारो लीड्सच्या एका डेंटिस्टला विकली.

"काका, राहू द्यायची होती," मी म्हणाले.

"दोघींचं करायला अंगात जोर कुठे राहिलाय?"

पुढे सहा वर्षं ते एफजे तीसच्या वर न नेता चालवत राहिले. खड्डा दिसला की आधी सांगत, "कुमुद, धर हं." मागे हॉर्न वाजत. काका वळूनही बघत नसत.

काकू गेल्यावर वर्षभराने तो डेंटिस्ट मोनारो घेऊन दारात आला. भला माणूस. किल्ली पुढे करून म्हणाला, एक चक्कर मारून या. काका निघाले खरे, पण पाचच मिनिटांत परतले. इंजिन बंद करून तसेच बसून राहिले. मी खिडकीशी गेले.

"काय झालं काका? बिघडली का?"

"नाही गं, उत्तम आहे." त्यांनी रिकाम्या सीटकडे पाहिलं. "फार पळते. कुणीतरी मागे राहिलंय असं वाटत राहतं."