बधिर पायांसाठी बूट

एका पायात चप्पल नसताना मी बसस्टँडपासून घरापर्यंत चालत आलो, आणि हे मला दारात बसलेल्या बायकोनं सांगितलं.

आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावला भाचीच्या सोयरिकीची बोलणी होती. तिथून परत येताना वाशीमला उतरलो तेव्हा पाऊस थांबला होता, पण रस्त्यांवर काळ्या चिकट चिखलाचा गारा साचलेला. तो तुडवत घर गाठलं. बायको ब्लाउजला हुक लावत दारात बसली होती. तिनं वर पाहिलं आणि सुई तशीच हातात राहिली.

"अवो, एक चप्पल कोठी हाये तुमची?"

मी खाली पाहिलं. डावा पाय उघडा होता, घोट्यापर्यंत चिखलानं माखलेला. मला हसूच आलं. चिखलात रुतून राहिली असेल म्हटलं, आणि आत पाऊल टाकलं. फरशीवर चिखलाचा ठसा उमटला, आणि त्या ठशात लाल.

तिनं पाय धुतला. तळव्यात करंगळीच्या मुळाशी काच घुसलेली होती, चांगली बोटाच्या पेराएवढी. चिमट्यानं ती ओढून काढताना तिनंच तोंड वाकडं केलं.

"दुखत नाई काहो?"

"नाई ना," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता वाकून तळव्याकडे पाहिलं.

साखर मला बऱ्याच वर्षांपासून. गोळ्या घेत होतो, चहात साखर टाकत नव्हतो, आपलं सगळं ठीक चाललंय असं समजत होतो. ती जखम काही भरली नाही. चिघळली, काळी पडली आणि शेवटी करंगळी काढावी लागली. टाके काढायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला डोळे मिटायला सांगितले. माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. हातात एक नायलॉनचा दोरा होता. म्हणाल्या, "काका, मी हा तळव्याला टेकवते. लागला की 'हो' म्हणा."

मी डोळे मिटून वाट पाहत राहिलो. बाहेर कोणाचं तरी लेकरू रडत होतं. बराच वेळ गेला तसं मी म्हटलं, "मॅडम, करा ना सुरू."

"झालं काका," त्या म्हणाल्या. "दोन्ही पाय झाले."

मी डोळे उघडले तर बायको खिडकीकडे तोंड करून उभी होती.

मग सूचना. घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही. रोज आरशात तळवे पाहायचे. बाहेर बंद बूट, मऊ, ऐसपैस, आणि पाय ओला राहू द्यायचा नाही. ओली कातडी फाटते, आणि फाटलेली तुम्हाला कळणार नाही. एवढं एक बोट गेलं, पुढे काय काय जाऊ शकतं तेही त्यांनी शांतपणे सांगितलं.

आता माझं काम असं, की दिवसभर पायच चालवायचे. घरोघर जाऊन विजेच्या मीटरचे फोटो काढायचे, ठेकेदाराच्या हाताखाली. माझ्याकडे गावाबाहेरचे नवे लेआउट होते. तिथं घरं झाली, पण रस्ते व्हायचे होते. दोन सरी पडल्या की प्लॉटमधलं पाणी रस्त्यावर आणि रस्त्यावरचं लोकांच्या ओट्याशी. बोट काढलं त्या महिन्यात ठेकेदारानं दुसऱ्या माणसाकडून काम निभावून नेलं. मग त्याचा फोन आला, "भाऊ, पाय बरा झाला असन तर या. नाईतर सांगून टाका, मी कायमचा माणूस पाहतो." त्याचंही चूक नव्हतं. घरात आम्ही दोघंच, मुलगी लग्न होऊन मेहकरला. पण दोघांनाही खायला लागतंच, आणि या वयात मला दुसरं काम कोण देणार होतं?

पहिले दोन दिवस मी पावसाळी प्लास्टिकचे बूट घालून गेलो. त्यांना जागोजागी भोकं होती. पाणी आत यायचं, बाहेर जायचं, पाय आपला दिवसभर पाण्यातच. संध्याकाळी बायकोनं मोजा काढला तर तळवा पांढराफट्ट, सुरकुतलेला. टॉवेलनं टिपताना उकडलेल्या बटाट्याचं साल निघावं तशी थोडी कातडी टॉवेलला लागून आली. तिनं टॉवेल गपकन मागं लपवला. पण मी पाहिलं होतं.

मग कृषी केंद्रातून गमबूट आणले. त्यात बाहेरून थेंब शिरत नव्हता खरा. एका कॉलनीत शिरलो तर ओट्यावरचा म्हातारा म्हणाला, "काय हो, फवारणीले निघाले काय?" मीही हसलो. दुपारी एका पोर्चमध्ये बसून बूट काढला तर आतला मोजा घामानं पिळून काढावा असा. पाय तर ओलाच, वरून त्याला वासही येत होता.

मोबाइलवर पाहिलं. ज्याच्यावर त्याच्यावर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं. चित्रात एक पोरगा डोंगरावर उभा, बुटावर पाण्याचे मोती. बायको म्हणाली, "यात हात घालून पाहता येते का?" तिथंच तो विषय संपला.

डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं, बूट घ्यायला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय सुजलेला असतो. दोन्ही पायांचे आकार पुठ्ठ्यावर काढून कापून न्या, आणि तो पुठ्ठा बुटात सपाट बसला तरच बूट घ्या. बायको शिवणकाम करते, तिला हे लगेच कळलं. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा जमिनीवर ठेवून तिनं मला त्यावर उभं केलं आणि खडूनं पायाच्या कडेनं रेघ ओढू लागली. उजवा झाला. डाव्याला करंगळीच्या जागी आली आणि खडू थांबला. मी वरून तिचा भांग पाहत होतो. मग तिनं बोट असतं तशीच गोल रेघ काढली. "जागा राहू द्या," म्हणाली.

पहिल्या दोन दुकानांत पुठ्ठा पाहूनच लोक हसले. तिसरं दुकान चौकाच्या मागच्या गल्लीत होतं. दुकानदार पिकल्या दाढीचे मुसलमान गृहस्थ, स्वतः खाली बसून गिऱ्हाईकाच्या पायात बूट घालणारे. माझ्या शेजारी बाकावर एक बाई लेकराला शाळेचे बूट घेत होती. चाचांनी मला एक काळा जोड घातला, नाडी बांधली.

"चलून पाहा भाऊ. कुठी चावते का?"

मी चार पावलं टाकली. परत आलो. काय सांगणार?

"नाही ना चावत?"

"मालूम नाही," मी म्हणालो.

"असं कसं? पुढं दबते का? टाच घासते का?"

"मले कळत नाई," मी म्हणालो, आणि माझा आवाज माझ्याही नकळत चढला. "मले काहीच कळत नाई!"

ती बाई माझ्या पायांकडे पाहायला लागली. त्या क्षणी वाटलं, उठावं आणि पावसातून अनवाणी चालत सुटावं, काय कापलं जायचं ते जाऊ द्यावं. आयुष्यभर या पायांवर चाललो, आणि आज साधा बूट चावतो की नाही एवढंही मला सांगता येत नव्हतं.

बायकोच बोलली. "शुगर हाये त्यायले. पायाले समजत नाई."

चाचांनी बूट काढून तिच्या हातात दिला. तिनं मनगटापर्यंत हात आत घातला, डोळे मिटले आणि बोटं फिरवू लागली. ब्लाउजची उलटी बाजू चाचपते तशी. "इथी शिलाई उचललेली हाये," ती म्हणाली. "हे त्यायले कापीन." तो जोड बाजूला गेला. दुसरा मऊ होता, पण पुठ्ठा आत ठेवला की कड वर दुमडायची. तोही गेला. तिसऱ्यात पुठ्ठा सपाट बसला.

"यात पानी जाते का?" तिनं विचारलं.

"भाबी, कंपनीनं लिहून दिलं ना, वॉटरप्रूफ."

"लिहेल हाये ते मलेही वाचता येते. मले पाय कोरडा पाह्यजे."

चाचांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. मग आतून फरशी पुसायची बादली आणली, बुटात वर्तमानपत्राचा बोळा कोंबला आणि जिभेपर्यंत पाणी येईल असा बूट त्यात उभा करून वरून हातानं दाबून धरला. आम्ही तिघं बादलीभोवती बसून राहिलो. ती बाईसुद्धा पैसे देऊन झाल्यावर थांबली होती. काढला तर बुटाच्या टोकाशी कागद भिजलेला. चाचांनी बूट पुसला आणि फळीवर ठेवून दिला. आणखी एक जोड आणला, करड्या रंगाचा, जाड तळाचा. त्यात पुठ्ठाही बसला, तिचा हातही समाधानानं बाहेर आला, आणि बादलीतून काढल्यावर कागद कोरडा निघाला. तिनं तो कागद गालाला लावून पाहिला.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, नवे बूट पहिल्या दिवशी तासभर, मग थोडं थोडं वाढवा. पण दुसऱ्याच दिवशी ठेकेदाराचा निरोप आला की लेआउटचे सगळे फोटो आज झालेच पाहिजेत. मी निघालो. बायकोनं अडवलं नाही. अडवून काय करणार होती?

दुपारी पाऊस धो धो कोसळला. एका पुलावरून पाणी वाहत होतं, त्यातून गेलो. पलीकडच्या घराच्या ओट्यावर बसून बूट काढला, मोजा चाचपला. कोरडा! खरोखर कोरडा. मी दुसराही काढला. तोही. त्या अनोळखी ओट्यावर बसून मी कितीतरी वेळ मोजेच चाचपत राहिलो. माझे दिवस पालटले असंच वाटलं. घरातून कोणी तरी पाणी हवं का विचारलं, मी म्हटलं नको, आज काहीच नको.

संध्याकाळी आरसा घेऊन बसलो. डावा पाय, कापलेल्या बोटाचा, स्वच्छ होता. मग उजवा वळवला. ज्या पायाला आजवर काही झालं नव्हतं, त्याच्या टाचेवर बोराएवढा फोड, वरून फुटलेला, आत लालभडक.

बायकोनं कपाळावर हात मारून घेतला. "माय व... हा पण?"

मी बूट उचलून भिंतीवर फेकला. "कापून टाका म्हणा दोन्ही! मंग बूटच लागत नाई, ना पानी ना पाऊस!"

ती उठली, बूट उचलून आणला, पुसून खाटेखाली ठेवला. मग कापूस घेऊन माझ्या टाचेशी बसली. म्हणाली, "असं बोलायचं नाई. मले एकटीले आयका लागते ते."

पुढचा सगळा पावसाळा मी खाटेवर, पाय उशीवर. टिनांवर पाऊस वाजायचा आणि मी ठेकेदाराच्या फोनची वाट पाहायचो. एकदा आला. माझा भाग त्यानं दुसऱ्याला दिला होता. जखमेची कड काळी पडू लागली. डॉक्टरीणबाई ती दाबून पाहायच्या, वाकून वास घ्यायच्या. एकदा म्हणाल्या, "हाडापर्यंत गेलं तर अकोल्याला जावं लागेल काका. मनाची तयारी ठेवा." घरी येताना ऑटोत माझ्या मनात एकच, घोट्यापासून कापतात की गुडघ्यापासून. विचारायची हिंमत झाली नाही.

याच दिवसांत एका दुपारी बायको बूट पिशवीत घालून एकटीच दुकानात गेली. चाचा म्हणाले, वापरलेला जोड परत घेता येत नाही. पण टाचेमागची कडक कड कापून आतून मऊ अस्तर चिकटवून देतो म्हणाले आणि दोन दिवसांनी न्यायला सांगितलं. घरी येऊन तिनं मला हे सांगितलं तेव्हा मी तोंड फिरवून घेतलं. मला बुटाचं नावही नको होतं.

पण जखम थांबली. का थांबली मला माहीत नाही. औषधांनी, तिच्या ड्रेसिंगनं, पाऊस ओसरला म्हणून. काळी कड हळूहळू गळून पडली आणि खालून गुलाबी कातडी आली. दिवाळीच्या थोडं आधी ठेकेदारानं मला पुन्हा घेतलं. या वेळी जुन्या गावातला भाग दिला, जिथं निदान सिमेंटचे रस्ते आहेत. बूट मी तासभर घालून पाहिले, मग दोन तास. काही झालं नाही.

शेवटच्या तपासणीला मी ते घालूनच गेलो. बाकावर शेजारी मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरचा माणूस बसला होता, माझ्याच वयाचा. उजव्या पायाला पट्टी, पट्टीवर प्लास्टिकची पिशवी बांधलेली, आणि त्याखाली रबरी चप्पल. तो माझ्या बुटांकडे पाहत होता.

"भाऊ, पानी नाई जात यात?"

"नाई."

"कोठी भेटते हे?"

मी दुकान सांगितलं, संध्याकाळी जायला सांगितलं, पुठ्ठ्याचंही सांगितलं. तो सगळं मन लावून ऐकत होता. मग म्हणाला, "मले मॅडम दोन महिने पाय वर ठेवून बसाले सांगतात. आमची गाडी परवा ऊसतोडीले चालली. सारं बिऱ्हाड घेऊन. उसाच्या फडात पानी सोडलं की सकाळपर्यंत गाराच गारा." थोडं थांबून त्यानं विचारलं, "बूट घालून वाकता येते का हो? आमाले दिवसभर वाकूनच राहा लागते."

मी म्हणालो, "मी कधी पाह्यलं नाई."

त्यानं मान हलवली. त्याला आत बोलावलं. बाहेर आला तेव्हा हातात गोळ्यांचा पुडा होता. उभ्यानंच त्यानं पिशवीची गाठ घट्ट केली, मला "येतो भाऊ" म्हणाला आणि मानोऱ्याची गाडी चुकू नये म्हणून भरभर चालत निघाला. ज्या पायावर पट्टी होती, त्यावरही तो पूर्ण जोर देत होता. त्याच्याही पायाला काही समजत नव्हतं.

मग माझा नंबर आला. डॉक्टरीणबाईंनी टाच पाहिली, पहिल्यांदाच हसल्या. "काका, छान भरली. सुटलात तुम्ही." बायकोनं हात जोडले. मीही जोडले. पण घरी येईपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर ती पिशवी बांधलेली पट्टी आणि त्याखालची रबरी चप्पलच होती.