राईबाहेरच्या बाई

कुणी कसलंही गाऱ्हाणं सांगितलं, की आमच्या भूगोलाच्या बाई हळहळण्याआधी चौकशी करत. दूध नासलं म्हटलं, की विचारत, "शेजारणीचंही नासलं का?" नासलं असेल तर उन्हाळा, नसेल तर तुमचं पातेलं. रोह्याच्या शाळेत मी मराठी शिकवायचो आणि पेणहून रोज एसटीने यायचो. एकदा उशीर झाला तेव्हा वडखळच्या खोळंब्याचं मी सविस्तर वर्णन केलं. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमच्याच गाडीने येणाऱ्या शिपायाने घंटा वेळेवर दिली." पुढे मी असली वर्णनं निबंधापुरती ठेवली.

पृथ्वी तापत चालल्याच्या बातम्या तेव्हा वर्तमानपत्रांतून नव्यानेच येऊ लागल्या होत्या, आणि ज्याला त्याला त्यांचा उपयोग होता. मुख्याध्यापक 'अ' तुकडीला गणित शिकवत. त्यांचा निकाल घसरला, तो त्यांनी वाढत्या उष्म्यावर ढकलला. "'ब' तुकडीचं छप्परही पत्र्याचंच आहे, निकाल मात्र घसरला नाही," बाई म्हणाल्या. मुख्याध्यापक त्यांच्याशी वर्षभर बोलले नाहीत. त्याचं कारण शोधायची बाईंना गरज पडली नाही.

बाई रोह्याजवळच्या वरश्यात एकट्या राहत. सुट्टी मिळाली की डोंगरावरच्या एका वाडीत जात, कधी मलाही ओढून नेत. वाडीच्या वर देवीची राई होती. तिच्यातली वाळकी काटकीही कुणी उचलत नसे. उचलली तर देवी काय करते हे कुणाला ठाऊक नव्हतं, कारण कुणी उचललीच नव्हती. देवीचं ठाण राईच्या तोंडाशीच असल्याने आत जायचंही कुणाला काम पडत नसे. बाई काही देवभोळ्या नव्हत्या, तरी देवीला मनापासून नमस्कार करत. एकच डोंगर, एकच पाऊस; कोयता मात्र फक्त बाहेर. जे आत-बाहेर दोन्हीकडे बिघडेल ते आभाळाचं, नुसतं बाहेर बिघडेल ते आपलं, इतकी सोपी त्यांची विभागणी होती. त्या राईवर बाईंचा जीव होता.

एका वर्षी वाडीचा झरा होळीआधीच आटला. वाडी म्हणाली, पाऊस बदलला, कंपन्यांच्या धुराने ढग पळतात. बाई राईत जाऊन आल्या. आतला झरा वाहत होता. "आभाळाला शिव्या देऊ नका," त्यांनी ठाणासमोर सगळ्यांना सांगितलं, "झऱ्याच्या डोक्यावरची झाडं तुम्ही राबासाठी बोडकी केलीत." भात पेरण्याआधी जमीन भाजायची, तर फांद्या आणि पाला लागणारच.

"राब नाय भाजला तर भात काय तुमच्या वर्गात पेरायचा, बाई?" देवीचा गुरव म्हणाला.

बाईंना हा प्रश्न रास्त वाटला. शेवटी झऱ्यावरची झाडं सोडून लांबच्या उतारावरून राब आणायचं ठरलं. बायकांची पायपीट वाढली. एक म्हातारी मला म्हणाली, "भूगोल तुमच्या बाईंचा, नि भारा आमच्या डोक्यावर, मास्तर." पण झरा हळूहळू सावरला.

बाईंना इतका आनंद झाला, की त्या दरवर्षी नववीच्या मुलींना राईत नेऊ लागल्या. माणसाचा हात न लागलेलं रान कसं असतं, ते दाखवायला. मुली अनवाणी जात, दोघी-दोघींच्या रांगेत, एक पानही न तोडता. गुरवाची काही हरकत नव्हती.

काही वर्षांनी आतला झराही रोडावला. त्याच्याभोवतीचा पाचोळा गेला, कोवळी रोपं दिसेनात. बाई खाली आल्या त्या उतरल्या चेहऱ्याने. "आता आतही तेच," त्यांनी वाडीला सांगितलं, "हे मात्र आभाळाचं." वाडीला हायसं वाटलं. आभाळाचाच दोष, तर लांब कशाला जायचं? कोयते पुन्हा झऱ्याच्या डोक्यावर चालू लागले.

बाईंना मात्र झोप लागेना. पुढच्या सुट्टीत त्या मला घेऊन समोरच्या उतारावर चढल्या. तिथून राई सबंध दिसत होती. तिच्यात झाडांमधून तोंडापासून झऱ्यापर्यंत एक उघडा तांबडा पट्टा गेला होता, दोन मुली शेजारी शेजारी चालतील एवढा रुंद. माती सुटून झऱ्यात उतरली होती. पट्ट्याच्या दोन्ही अंगांना रान पूर्वीसारखंच दाट होतं.

"हे आभाळ नाही," बाई म्हणाल्या. "ही नववी आहे. आणि नववीच्या पुढे मी."

तिथून त्या थेट वाडीवर गेल्या आणि सगळ्यांदेखत आपला निवाडा मागे घेतला.

"मंग आभाळाला सोडायचा का आता?" गुरवाने विचारलं.

"सध्या सोडा. मला धरा. काय दंड असेल तो सांगा."

असा प्रसंग गुरवावर कधी आला नव्हता. त्याने बराच विचार केला. "नारळ ठेवा, नि आत जाव नका."

बाईंनी नारळ ठेवला. वाडीने कोयते पुन्हा लांबच्या उताराला नेले. शिकवणाऱ्या माणसाने चूक कबूल केलेली त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती. बाई नंतरही जात, पण राईच्या बांधाशी थांबत. पट्टा हिरवा होत गेला तसा त्यांना आतलं काहीच दिसेनासं झालं, तरी उभ्या राहत. मला ते बघवत नसे. आभाळाचा वाटा नेमका किती, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. ते बघायचं तर आत जावं लागलं असतं.

निवृत्तीनंतर थोड्याच काळात त्या गेल्या. अस्थी राईतल्या झऱ्याकाठी ठेवाव्यात असं त्यांच्या भाचीच्या मनात होतं, आणि मलाही ते पटलं होतं. आम्ही कलश घेऊन वर गेलो. गुरव बांधावर आडवा उभा राहिला. डोळे त्याचेही भरले होते.

"दंड लागल्यापास्नं जित्या होत्या तवर आत आल्या नायत," तो म्हणाला. "आता त्यांना नको म्हनता येत नाय, म्हनून आपन न्यायच्या व्हय?"

आम्ही बांधावरूनच परत फिरलो. अस्थी धरमतरच्या खाडीत सोडल्या.