आडवा सात आणि विमलचं लग्न

"विमलचं लग्न त्या आडव्या सातनंच मोडलं म्हणे, अन् आता तिचा बाप..."

एवढंच ऐकू आलं. विहिरीवर बोलणाऱ्या दोघींच्या घागरी भरल्या, त्या चालत्या झाल्या, आणि विमलच्या बापाचं पुढे काय झालं ते विहिरीतच राहिलं! आता असं अर्धवट ऐकून कुणाला भात गोड लागेल? लोक मला चौकस म्हणतात. म्हणोत बापडे. समोरच्या घरात काय चाललंय ते ठाऊक नसेल, तर त्याला शेजार कशाला म्हणायचं?

आणि समोरचं घर म्हणजे विमलच्या बापाचं, दिनकररावांचं! पावसाळ्यात भिंतीवर शेवाळ चढावं तसे त्या घरावर किस्से चढायचे. एक खरवडावा, तर मागे दुसरा हिरवागार.

दिनकरराव गोंदियातल्या एका धानाच्या, म्हणजे भाताच्या, गिरणीत हेडक्लार्क. देश स्वतंत्र होऊन आठ-दहा वर्षं झाली होती आणि सगळीकडे शब्दकोड्यांचं वेड होतं. दर गुरुवारी मुंबईच्या गाडीनं एक साप्ताहिक यायचं. त्यातल्या कोड्याला दर वेळी एक विषय असायचा. कधी शरीर, कधी स्वयंपाकघर, कधी शेती. ते सोडवायला दिनकररावांच्या घरापुढच्या छपरीत बैठक बसायची. प्रेसिडेंट अर्थात दिनकरराव. मेंबर दोन. एक यादव टेलर, दुसरे स्टेशनावरचे पार्सलबाबू तिवारीजी. तिवारीजींना मराठी जेमतेम, पण अंक त्यांच्याच हातानं गाडीतून उतरायचा. त्यांना मेंबर करणार नाही तर जातात कुठे!

लोक कोडं पेन्सिलीनं सोडवतात. दिनकरराव फाउंटन पेननं! "पेन्सिल चुकणाऱ्यांसाठी असते, वहिनी," असं मला म्हणाले होते.

* * *

शरीराचं कोडं आलं तेव्हाची गोष्ट. शोधसूत्र होतं, 'छातीत धडधडते', तीन चौकोन. यादव म्हणाला, "हृदय." तोवर दिनकररावांनी शाईनं लिहूनही टाकलं होतं, 'काळीज'.

आता मधल्या चौकोनात आला 'ळी'. आणि तिथूनच एक उभा शब्द सुरू होत होता. 'श्वासाचा विकार', दोन चौकोन, शेवटी 'मा'.

"दमा आहे जी," यादव म्हणाला. "पण मंग हृदय लिहा लागते."

दिनकररावांनी पेनाचं टोपण लावलं. "ळीमा," ते म्हणाले.

"हे काय असते?"

"जुना रोग आहे. आयुर्वेदातला. आता कुणाला होत नाही."

तिवारीजींनी मान डोलावली. "हाँ हाँ, हमारे चाचाजी को था!"

पुढे कितीतरी दिवस यादव शिलाई मशीनवर खोकला की गिऱ्हाइकाला सांगायचा, "घाबरू नका, ळीमा होऊन राहिला!"

* * *

स्वयंपाकघराच्या कोड्याला तर तिघांची पार दैना झाली. 'तळणातून वडे काढतात ते', दोन चौकोन. बायकांना विचारायचं नाही हा बैठकीचा नियम! दिनकरराव पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेले, फळीवर डोकं आपटून घेतलं आणि धोतराच्या सोग्याखाली ती वस्तूच लपवून घेऊन आले.

वस्तू छपरीत हातोहात फिरली. तिघांनी तिचे वडे जन्मभर खाल्लेले. नाव एकालाही येईना!

"याला भोकं आहेत," यादव म्हणाला.

"भोकं दिसून राहिलीत मलेही! नाव सांग," दिनकरराव वैतागले.

इतक्यात सुशीलाबाई, दिनकररावांच्या पत्नी, दारात येऊन उभ्या. कढईतलं तेल तापून धूर निघत होता.

"झारा द्या माझा," त्या म्हणाल्या.

दिनकररावांनी झारा दिला आणि पटकन पेन उघडलं. "मला आठवलंच होतं," ते म्हणाले.

* * *

अशा घरात विमलचं लग्न ठरायचं होतं.

स्थळ जवळच्याच फुलचूर गावचं. सखारामजी नावाचे धानाचे शेतकरी, त्यांचा थोरला नामदेव. तो बैलबंडीतून धान घेऊन गिरणीत यायचा, विमल तिथंच बापाचा डबा घेऊन जायची. बापाला यातलं काही माहीत नव्हतं. मला होतं! विमल माझ्याकडे विरजण न्यायला आली की वाटी हातात घेऊन उभीच राहायची. एकदा म्हणाली, "काकू, हेच जमलं पाहिजे. नाही जमलं तर मी दुसऱ्या कोणापुढं पोहे घेऊन जाणार नाही."

पाहुणे यायच्या आठवड्यात नेमकं शेतीचं कोडं आलं. दिनकररावांनी जन्मात चिखलात पाय घातला नव्हता, पण चार दिवसांत कोड्यावरून सगळी शेती शिकले. कोडं काढणारा पश्चिमेकडचा. त्याच्या शेतात मोट, सुगी, हुरडा. धान औषधालाही नाही!

पाहुणे सतरंजीवर टेकले. मी तिथंच होते. सुपारी कातरायला कुणीतरी हवंच ना!

दिनकररावांनी विचारलं, "काय सखारामजी, यंदा हुरडा किती पेरला?"

सखारामजींनी सुपारीचं खांड परत तबकात ठेवलं. "आम्ही धानवाले जी. अन् हुरडा पेरत नसतेत, भाजत असतेत."

"आमच्या कोड्यात तसं नव्हतं."

मग त्यांनी अंकच काढला. मुलीला प्रश्न विचारायची रीत, इथं बापानं मुलालाच विचारलं. "आडवा सात. 'शेतकऱ्याचा मित्र', तीन चौकोन. सांगा जावईबापू!"

नामदेवनं कपाळ पुसलं. "गांडूळ."

दिनकररावांनी आधीच शाईनं 'पाऊस' लिहून ठेवलं होतं.

"पहिल्यांदा दारात आलात आणि शुभकार्यात गांडूळ?"

"माती भुसभुशीत करून राहते ते, म्हणून म्हटलं जी."

"पाऊसच बरोबर आहे!"

"पाऊस कधी मित्र असते, कधी वैरी असते," नामदेव हळूच बोलला. बोलला ते बरोबर, पण कुठं बोलायचं ते चुकलं! यादव गांडुळाच्या बाजूनं, तिवारीजी "बारिश, बारिश" करत पावसाच्या बाजूनं, असा कल्ला उसळला. आत दाराआड विमल पोह्यांच्या ताटल्या घेऊन उभी. पोह्यांवरचं खोबरं वाळून गेलं. शेवटी दिनकरराव गरजले, "गुरुवारी उत्तर छापून येईल! गांडूळ निघालं तर लग्न!"

सखारामजींनी पागोटं उचललं. "चाल रे नामा."

त्या रात्री समोरच्या घरात दिवा लवकर विझला. विमल काही विरजण न्यायला आली नाही.

* * *

गुरुवारी अंक आला. दिनकररावांनी तो उघडला, पाहिला आणि मांडीखाली घातला.

"उत्तर छापलं नाही," ते म्हणाले.

सुशीलाबाईंनी सरळ मांडीखालून अंक ओढला आणि वाचला. 'बेडूक'!

कुणी हसलं नाही. यादवसुद्धा नाही.

"दोघांचंही चुकलं," दिनकरराव म्हणाले. "म्हणजे निकाल नाही. आता पुढच्या कोड्यात..."

"उठा," सुशीलाबाई म्हणाल्या. "फुलचूरले जा अन् माफी मागा."

"कायले? गांडूळ कुठं निघालं?"

"मंग बेडकाची मागा!"

विहिरीवर मी ऐकलं ते याच दिवशी सकाळी. त्यामुळे बंडी जुंपली जात असताना मी घरात थांबणं शक्यच नव्हतं. फुलचूरला माझी मामेबहीण राहते. मला आणि सोबतीला विमलला तेवढं तिच्याकडे सोडा, असं म्हणून मी चढलेसुद्धा! दिनकरराव पुढे बसले. वाटभर पेन खिशातून काढत होते, परत ठेवत होते.

सखारामजींचं घर आधी लागलं. ते अंगणात दोर वळत बसले होते, नामदेव बैलांना पेंढा टाकत होता. बंडी थांबली तरी सखारामजी उठले नाहीत. दिनकरराव उतरले, हात जोडले.

"सखारामजी, तो आडवा सात... बेडूक निघाला. माझंही चुकलं. त्या सातापायी लग्न मोडू नका."

"लग्न तं मोडलंच जी आम्ही," सखारामजी म्हणाले. "पण त्या सातापायी कायले मोडू? गांडूळ म्हणा, बेडूक म्हणा, आमाले काय त्याचं! आम्ही पोरगी पाहाले आलो होतो. दोन घंटे बसलो. तुम्ही आमाले कागद दाखवला! पोरगी कुठं दाखवली?"

दिनकररावांनी खिशातलं पेन काढून बंडीत टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा!

तेवढ्यात बंडी हलकेच हलली. मी वळून पाहते तो माझ्या शेजारची जागा रिकामी. विमल खाली उतरून अंगणाच्या मधोमध उभी होती. डोक्यावरचा पदर तिनं मागे सारला आणि म्हणाली,

"पाहा मंग."